फॉर्म भरता भरता पानाची वेळ संपते, वॉर्निंग कधी आणि कशी द्यायची?

फौंड्रीवाला_कोडर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राजारामपुरीत बसून छोट्या कारखान्यांना वेब अ‍ॅप करून देतो, बहुतेक काम लारावेलमध्ये (वेब प्रोग्रॅम बांधायचा पीएचपी भाषेतला तयार सांगाडा). शिरोलीतल्या एका फौंड्रीला हीट रिपोर्टचं अ‍ॅप दिलंय. प्रत्येक हीटला (भट्टीत एका खेपेला वितळवलेला धातू) कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगनीज किती, टॅपिंगचं टेंपरेचर, कुठल्या मोल्डमध्ये ओतलं, असं सगळं एकाच लांबलचक फॉर्मात. आता तिथले इन्स्पेक्टर काका काय खुर्चीला चिकटून बसत नाहीत, दोन ओळी भरतात, भट्टीकडं जातात, स्पेक्ट्रोचा (धातूत काय किती आहे ते मोजणारं मशिन) रिझल्ट घेऊन येतात, परत दोन ओळी भरतात, असं करत एक फॉर्म व्हायला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं सहज लागतात.

त्यांच्या ऑडिटवाल्यांनी सांगितलं होतं की १५ मिनिटं कुणी काही केलं नाही तर लॉगिन सुटलं पाहिजे. मी सरळ सेशन लाइफटाइम (सर्व्हर लॉगिन किती वेळ लक्षात ठेवतो ती मुदत) १५ केला आणि सोडून दिलं. गेल्या आठवड्यात दुसऱ्या पाळीत काकांनी पूर्ण फॉर्म भरून सेव्ह दाबलं तर पांढरं पान, त्यावर "४१९ पेज एक्स्पायर्ड". बॅक केलं तर जावास्क्रिप्टनं वाढवलेल्या ओळी सगळ्या गायब. मला फोन आला तेव्हा ते रागावले असते तरी चाललं असतं, पण ते शांतपणे म्हणाले, "असू दे, उद्यापासून मी वहीतच लिहितो." हे मला लई लागलं. दोन महिने खपून केलेलं काम एका पांढऱ्या पानानं वहीवर नेऊन ठेवलं.

मग मी घाईनं सेट टाइमआउट (जावास्क्रिप्टचा टायमर) लावून १४ व्या मिनिटाला अलर्ट दाखवायला लागलो, "तुमचे सत्र एका मिनिटात कालबाह्य होईल". त्यानं उलट गोंधळ वाढला. कधी अलर्ट येतोय, कधी येतच नाही, कधी काका काम करत असतानाच येतोय. दोन टॅब उघडे असले तर एकात काम चालू आणि दुसरा टॅब "वेळ संपली" म्हणून दोन्हीकडून बाहेर काढायलाय. ज्यांनी हे नीट केलंय त्यांनी सांगा, हे बांधायचं कसं?

जुना_जावा

भावा, तुझ्या एका प्रश्नात तीन-चार प्रश्न आहेत. पहिलं म्हणजे अलर्ट काढून टाक. ब्राउझरचा अलर्ट उघडा असतो तोवर त्या पानावरची जावास्क्रिप्ट थांबलेली असते, तुझा काउंटडाउन पण तिथंच थांबतो. सर्व्हरचं घड्याळ मात्र चालूच. काका भट्टीकडं गेले, मागं अलर्ट आला, वीस मिनिटांनी येऊन त्यांनी ओके दाबलं, त्यांना वाटलं मुदत वाढली, आणि सेशन कधीच गेलेलं.

दुसरं, ब्राउझरमधला टायमर हा अंदाज आहे, त्याच्यावर विश्वास टाकू नको. लॅपटॉप झोपला की टायमर पण झोपतो. टॅब मागं गेला की क्रोम टायमर हळू करतं, आणि २०२१ मध्ये आलेल्या क्रोम ८८ पासून तर पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लपलेल्या टॅबमधले पुन्हा पुन्हा चालणारे टायमर मिनिटाला एकदाच चालतात. म्हणून सेकंद मोजत बसायचंच नाही. मुदत कधी संपणार ती वेळ एकदा लिहून ठेवायची आणि दर खेपेला आत्ताच्या वेळेशी ताडून बघायची. टॅब परत समोर आला की व्हिजिबिलिटी चेंजवर (टॅब दिसला-लपला की ब्राउझर देतो ती खूण) पहिलं काम तेच.

तिसरं, आणि तुझं खरं दुखणं इथंच आहे. काका चाळीस मिनिटं टाइप करायलेत, पण त्यातलं एक अक्षर सर्व्हरपर्यंत पोचत नाही. सर्व्हरच्या दृष्टीनं माणूस पान उघडून निघून गेला. माणसाचं रिकामं बसणं आणि सर्व्हरला न दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण त्या एकच धरतो.

फायनल_इयर

मग दर मिनिटाला एक छोटी रिक्वेस्ट पाठवली तर? सेशन कधी मरणारच नाही ना.

जुना_जावा

मग १५ मिनिटांच्या नियमाला अर्थच उरला नाही. माणूस घरी गेला तरी पान स्वतःलाच जागं ठेवणार. रिक्वेस्ट पाठव, पण गेल्या काही मिनिटांत खरोखर कुणी की दाबली असेल किंवा क्लिक केलं असेल तरच.

आणि याची उलटी बाजू पण बघ, लई ठिकाणी डॅशबोर्डवर आकडे ताजे ठेवायला दर अर्ध्या मिनिटाला रिक्वेस्ट जात असते, त्यामुळं तिथं सेशन कधीच संपत नाही आणि कुणाच्या लक्षात पण येत नाही. अजून एक. "किती वेळ उरला" विचारणारी रिक्वेस्ट नेहमीच्या सेशनमधूनच गेली तर ती विचारण्यानंच मुदत वाढते, मग उत्तर कायम पूर्ण १५ मिनिटं.

पतसंस्था_ताई

मी कोडिंगवाली नाही, पतसंस्थेत काउंटरला बसते, पण हा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे म्हणून लिहिते. वरती सगळे जण मुदत कशी वाढवायची ते सांगायलेत. आमच्याकडं ती लवकर संपली नाही तर भीती वाटते. समोर सभासद उभे असतात, मी पासबुक छापायला दोन मिनिटं उठते, आणि स्क्रीनवर आधीच्या माणसाचं खातं, शिल्लक, जामीनदार सगळं उघडं. तिथं पाच मिनिटं पण जास्त आहेत.

आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये काय व्हायचं सांगते. वेळ संपायची, आतून लॉगिन सुटायचं, पण स्क्रीनवर ते पान तसंच दिसत राहायचं! कुणी काही दाबलं तरच लॉगिनचं पान यायचं. म्हणजे बघणाऱ्यासाठी काहीच संपलेलं नव्हतं. आणि लॉगआउट केल्यावर बॅकचं बटण दाबलं की परत त्याच सभासदाचं खातं समोर. हे मी सांगितलं तेव्हा "मॅडम, ते फक्त चित्र आहे, आत जाता येत नाही" असं उत्तर मिळालं. अहो पण शिल्लक त्या चित्रातच दिसते ना.

जुना_जावा

ताई, एकदम बरोबर, आणि तुम्हाला दिलेलं उत्तर चुकीचं होतं. बॅकचा उपाय म्हणजे अशा पानांना कॅश कंट्रोल नो स्टोअर (पान साठवून ठेवू नको असं ब्राउझरला सांगणारं) हे हेडर लावायचं, आणि पान ब्राउझरच्या आठवणीतून परत आलं तर पेज शो इव्हेंटमध्ये ते ओळखून ताजं मागायचं. वेळ संपली की पानानं स्वतःहून मजकूर झाकला पाहिजे, क्लिकची वाट बघत बसायचं नाही.

ओडब्ल्यूएएसपी या वेब सुरक्षेवरच्या संस्थेच्या सेशनवरच्या टिपणात पण हा फरक आहे, जोखमीच्या अ‍ॅपला २ ते ५ मिनिटं, कमी जोखमीच्या अ‍ॅपला १५ ते ३० मिनिटं. फौंड्रीचा हीट रिपोर्ट आणि सभासदाचं खातं यांना एकच माप लावायचं नाही.

फौंड्रीवाला_कोडर

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून डोक्यात प्रकाश पडला. लॉगिन संपणं आणि काम संपणं या दोन गोष्टी मी एकत्र बांधल्या होत्या. मुदत संपू दे की, पण भरलेलं जायला नको.

आता असा विचार करायलोय की भरलेलं लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्याच साठ्यात, ठेवावं. कुणी केलंय का?

पतसंस्था_ताई

तीन पाळ्यांना एकच कॉम्प्युटर असेल तर पहिल्या पाळीचं भरलेलं दुसऱ्या पाळीला दिसणार का? तेवढं बघा.

जुना_जावा

दिसणार. लोकल स्टोरेज ब्राउझरचं असतं, लॉगिन केलेल्या माणसाचं नसतं. सेशन स्टोरेज निदान त्या टॅबपुरतं राहतं. तुझ्यासाठी सगळ्यात चांगलं म्हणजे कच्चा मसुदा सर्व्हरवर ठेवायचा, प्रत्येक ओळ भरून झाली की गुपचूप सेव्ह. लाईट गेली तरी राहील, दुसऱ्या मशिनवर बसले तरी मिळेल. त्याचा दुसरा फायदा असा की तेवढ्या सेव्हमधूनच सर्व्हरला कळतं की माणूस जागेवर आहे, वेगळी रिक्वेस्ट कमीच लागते.

ऐकून_वाचणारा

मी स्क्रीन रीडर वापरतो, एनव्हीडीए. दिसत नाही, ऐकून काम करतो. या धाग्यात वॉर्निंगबद्दल चाललंय म्हणून माझ्या बाजूनं सांगतो, कारण हे वॉर्निंगवाले डबे बांधताना आमचा विचार बहुतेक कुणी करत नाही.

एक फॉर्म तुम्ही पाच मिनिटांत भरत असाल तर मला पंधरा लागतात. प्रत्येक रकाना ऐकायचा, भरायचा, परत ऐकून तपासायचा. त्यामुळं वेळ संपणं हे माझ्यासाठी कधीतरी होणारं प्रकरण नाही, आठवड्यातून दोनदा होतं. एकदा एका परीक्षेचा ऑनलाइन अर्ज मी चार वेळा पहिल्यापासून भरलाय. चौथ्या वेळेला बहिणीला शेजारी बसवावं लागलं, आणि मला ते नको होतं, कारण माझा अर्ज मला स्वतःला भरायचा होता.

डब्ल्यूसीएजीमध्ये, म्हणजे सगळ्यांना वापरता येतील अशा वेबसाइटसाठीच्या नियमांत, २.२.१ क्रमांकाची अट आहे आणि ती सगळ्यात खालच्या, म्हणजे किमान पातळीची आहे. २००८ पासून आहे. वेळेची मर्यादा असेल तर ती बंद करता यावी, किंवा आधीच किमान दहापट करता यावी, नाहीतर संपण्याआधी सांगून किमान २० सेकंद द्यावेत आणि एखादी की दाबण्याइतक्या सोप्या कृतीनं मुदत वाढावी, तीही किमान दहा वेळा. लिलावासारखं जिथं वेळ सगळ्यांना एकच असते तिथं सूट आहे. मार्केट यार्डातला गुळाचा सौदा कुणा एकासाठी थांबत नाही हे मला मान्य आहे. अर्जाला तसं काही कारण नसतं.

आता वॉर्निंग बांधायची कशी. कृपा करून सेकंद मोजून बोलायला लावू नका. एकोणसाठ, अठ्ठावन्न, सत्तावन्न असं स्क्रीन रीडर ओरडत सुटतो आणि त्या आवाजात मला बटणच सापडत नाही. एकदा सांगा, मग शेवटी शेवटी एकदा सांगा, बास. डब्याला अलर्ट डायलॉगचा रोल (हा तातडीचा डबा आहे हे स्क्रीन रीडरला सांगणारी खूण) द्या, उघडला की फोकस, म्हणजे कीबोर्ड जिथं चालतो ती जागा, त्याच्यात न्या. आणि बंद केला की मी ज्या रकान्यात होतो तिथंच मला परत सोडा. बरेच जण पानाच्या वरच्या टोकाला नेऊन सोडतात, मग मी परत पहिल्यापासून शोधत येतो, आणि त्यात तो वाढवलेला वेळ जातो.

फौंड्रीवाला_कोडर

दादा, मनापासून आभार. फोकस परत त्याच रकान्यात आणायचं माझ्या डोक्यात पण आलं नव्हतं. काकांना दिसतं व्यवस्थित, पण हातात ग्लोव्हज असतात, त्यांना पण एका की मध्ये काम होणं हेच सोयीचं.

पंचगंगा_काठ

वॉर्निंग किती आधी द्यायची यावर कुणीच बोललं नाही. आपल्याकडं पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे आकडे सगळे जण बघतात, ३९ फुटाला इशारा पातळी, ४३ फुटाला धोका पातळी. मधले ते चार फूट कशासाठी आहेत, तर जनावरं सोडायला, सामान माडीवर चढवायला. नुसतं "पाणी आलं" म्हणून सांगण्यासाठी ते ठेवलेले नाहीत. तुझा एक मिनिटाचा अलर्ट म्हणजे पाणी उंबऱ्याला लागल्यावर दिलेली दवंडी. भट्टीवरून टेबलापर्यंत यायला काकांना किती वेळ लागतो ते मोज आणि त्याच्या दुप्पट आधी सांग. टॅबच्या शीर्षकात पण "३ मिनिटं उरली" असं दाखव, म्हणजे दुसऱ्या टॅबमध्ये असले तरी वर दिसेल.

आणि ते "सत्र कालबाह्य" काढ आधी. सत्र म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? सकाळचं सत्र, दुपारचं सत्र, नाहीतर कॉलेजची सत्र परीक्षा. फौंड्रीत तर "तुमचे सत्र संपत आहे" म्हणजे पाळी सुटायची वेळ झाली असंच वाटणार.

फौंड्रीवाला_कोडर

तसंच झालंय!! एका पोरानं खरंच विचारलं होतं, अजून पाळी सुटायला तास आहे तरी हे असं का दाखवायलंय म्हणून. मला तेव्हा कळलंच नव्हतं तो काय विचारतोय.

सर्व्हर_सांभाळणारा

साध्या पीएचपीवाल्यांसाठी एक भर. सेशनची डिफॉल्ट मुदत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं, पण ती घड्याळासारखी पाळली जात नाही. जुनी सेशन झाडायचं काम मूळ सेटिंगला शंभरातून एखाद्या रिक्वेस्टला होतं, त्यामुळं कधी सेशन जास्त जगतं. आणि एकाच फोल्डरमध्ये दोन अ‍ॅपची सेशन असली तर ज्याची मुदत कमी तो दुसऱ्याची पण झाडून टाकतो. माझ्या एका क्लायंटकडं महिनाभर हे शोधत होतो, कोड निर्दोष, चूक फोल्डरची. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटच्या फॉर्म्स ऑथेंटिकेशनमध्ये (लॉगिनची जुनी पद्धत) अजून वेगळं, तिथं अर्धी मुदत उलटल्यावर क्लिक केलं तरच ती वाढते. २० मिनिटांची मुदत असेल आणि ९ व्या मिनिटाला शेवटचं क्लिक केलं तर वाढ नाही, २० व्याला बाहेर. वापरणारा म्हणतो मी ११ मिनिटांपूर्वी तर काम केलं, आणि तो खरंच बोलत असतो.

फायनल_इयर

मी कालच प्रोजेक्टमध्ये वरचं सगळं करून बघितलं, पण लॉगिन केल्या केल्या "मुदत संपली" येतंय. सर्व्हरवरून मुदतीची वेळ बरोबर येते, बघितलंय मी.

सर्व्हर_सांभाळणारा

सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळ) आहे का? वेळेच्या शेवटी झेड (ही वेळ यूटीसी आहे अशी खूण) येतोय का बघ. तारीख आणि वेळ दोन्ही असताना शेवटी झेड किंवा टाइमझोन नसेल तर जावास्क्रिप्ट ती आपली स्थानिक वेळ धरते. म्हणजे सर्व्हरची दुपारी साडेबाराची यूटीसी वेळ तुझ्याकडं कोल्हापूरची साडेबारा झाली, आणि आपण साडेपाच तास पुढं आहोत. त्या हिशेबानं तुझी मुदत पाच तासांपूर्वीच संपलेली असणार.

त्यापेक्षा वेळ पाठवूच नको, "अजून ८०० सेकंद" एवढंच पाठव. कारखान्यातल्या जुन्या मशिनचं घड्याळ पण बऱ्याचदा चुकलेलं असतं, त्याचाही प्रश्न सुटतो.

फायनल_इयर

झालं!! झेडच नव्हता.

जुना_जावा

परत लॉगिन करून घेण्याबद्दल एक राहिलं, आणि पाळ्या बदलतात तिथं हे फार महत्त्वाचं. पानावरच छोटा डबा आणून पासवर्ड मागितला तर तीन गोष्टी बघ. एक, पूर्ण नवीन लॉगिन झालं की लारावेल सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आलाय हे ओळखायचा गुप्त शब्द) बदलतं, उघड्या फॉर्मात जुनंच टोकन राहतं आणि परत ४१९. नवीन टोकन आणून बसव. दोन, फेचला (पान न बदलता रिक्वेस्ट पाठवायची सोय) रिक्वेस्टमध्ये जेसन (पान नको, नुसता डेटा) हवं असं सांग, नाहीतर सर्व्हर लॉगिनच्या पानावर पाठवतो, फेच गुपचूप तिकडं जातं, २०० (सगळं ठीक) घेऊन येतं आणि तुझ्या कोडला वाटतं सेव्ह झालं. जेसन मागितलं की सरळ ४०१ (लॉगिन नाही) मिळेल, किंवा टोकन गेलं असेल तर ४१९, दोन्हीवर डबा दाखव.

तीन, डब्यात पासवर्ड टाकणारा माणूस तोच आहे का ते तपास. काकांचा अर्धा फॉर्म उघडा, पाळी बदलली, पुढच्या माणसानं आपला पासवर्ड टाकला आणि सेव्ह केलं, तर काकांनी मोजलेलं टेंपरेचर दुसऱ्याच्या सहीनं जाईल. उद्या कास्टिंग रिजेक्ट झालं तर कुणाला विचारणार?

सगळ्यात सोपं असं कर, सेशन मारूच नको, पानाला कुलूप लाव. लारावेलचं सेशन पाळीपेक्षा लांब ठेव आणि १५ मिनिटांचा हिशेब स्वतःच्या मिडलवेअरमध्ये (प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातून जाते तो कोड) धर. वेळ झाली की सर्व्हर काही देणार नाही आणि काही घेणार नाही, पासवर्ड दिला की तिथूनच पुढं. ताईंच्या पतसंस्थेत मात्र असं नको, तिथं मसुदा सर्व्हरवर ठेवून पूर्ण बाहेर काढणंच बरोबर.

फौंड्रीवाला_कोडर

दोन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला, पण आधी प्रत्यक्ष चालवून बघायचं होतं.

जुना_जावा सरांनी सांगितलं तसं कुलूपच केलं. सेशन ९ तास, मिडलवेअरमध्ये १५ मिनिटं, शेवटची हालचाल कधी झाली ते माझ्या टेबलमध्ये. प्रत्येक ओळ संपली की मसुदा सर्व्हरवर. वेळ विचारणारी रिक्वेस्ट ती हालचाल बदलत नाही. दोन टॅबचं भांडण मिटवायला शेवटच्या हालचालीची वेळ लोकल स्टोरेजमध्ये ठेवली, एका टॅबनं लिहिली की दुसऱ्याला स्टोरेज इव्हेंटनं कळतं आणि त्याची वॉर्निंग आपोआप मिटते. तिथं फक्त वेळ असते, फॉर्मातलं काही नाही.

दोन गोष्टी तिथं उभं राहिल्यावरच कळल्या. माउस हलला तरी हालचाल धरत होतो, पण शेकआउट (मोल्ड हलवून कास्टिंग बाहेर काढणं) सुरू झालं की टेबल थरथरतं आणि माउस आपोआप सरकतो, म्हणजे माणूस नसतानाही मुदत वाढायची. आता फक्त की आणि क्लिक धरतो. दुसरं, लॅपटॉपचं झाकण उघडल्यावर व्हिजिबिलिटी चेंज दर वेळेला येतोच असं नाही, म्हणून फोकसवर पण तपासतो आणि दर ३० सेकंदांनी एकदा घड्याळ ताडतो.

वॉर्निंग ४ मिनिटं आधी येते, कारण भट्टीवरून टेबलाकडं यायला काकांना दोन मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून त्यांच्याबरोबर चाललो. फोकस परत त्याच रकान्यात येतो, एनव्हीडीए लावून स्वतः ऐकून तपासलंय, दादा, तुम्हाला वेळ झाला तर लिंक पाठवतो, एकदा बघा.

परवा दुसऱ्या पाळीत लाईट गेली, तासाभरानं आली. मी तिथंच होतो. काकांनी मशिन चालू केलं, लॉगिन केलं, फॉर्म होता तिथंच उघडला, सातव्या ओळीपर्यंत भरलेला. ते काही बोलले नाहीत, वही बाजूला सरकवली आणि आठवी ओळ भरायला लागले.

ऐकून_वाचणारा

लिंक पाठवा, रविवारी बघतो. बटणावर काय लिहिलंय शेवटी?

फौंड्रीवाला_कोडर

वर लिहिलंय "४ मिनिटांनी हे पान बंद होईल. तुम्ही भरलेलं जपून ठेवलं आहे." आणि बटणावर "मी अजून भरतोय". काकांनीच सुचवलं.

पतसंस्था_ताई

आमच्या इथं बायका पण आहेत हो काउंटरला. "अजून भरायचं आहे" करा, सगळ्यांना चालेल.

फौंड्रीवाला_कोडर

होय ताई, आत्ताच बदललं.